आतून पाहिलेलं शरीर

आत्यानं पिकलेलं सीताफळ माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "घाई करू नकोस. आज मला तुझ्याशी बोलायचंय."

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात, सोनागिरीतल्या तिच्या घराचा व्हरांडा. नोव्हेंबरची सकाळ, ऊन अजून कोवळं. आतोबा 'भेल'च्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा पिपलानीचा क्वार्टर सोडावा लागला आणि दोघांनी हे छोटं घर बांधलं. आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली. आत्या आता 72 वर्षांची आहे आणि गेली बारा वर्षं ती केरवा धरणापाशी असलेल्या 'धम्म पाल' या विपश्यना केंद्रात जाऊन बसते. मी नाशिकला सांख्यिकी शिकवते. माझं वय 41, वजन 96 किलो. दोन्ही आकडे मुद्दाम सांगते आहे, कारण आमचं सगळं बोलणं दुसऱ्या आकड्यावरून निघालं.

आदल्या संध्याकाळी आम्ही बागेत फिरायला गेलो होतो. आत्याच्या ओळखीच्या बायका भेटल्या. त्यांतल्या एकीनं माझा हात प्रेमानं हातात घेतला, माझ्या कमरेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, अपना ख़याल रखा करो." हे वाक्य मी मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून ऐकलेलं आहे. आत्यानंही ते ऐकलं. घरी येईपर्यंत ती गप्प होती. रात्री मी पाण्याला उठले आणि स्वयंपाकघरात उभ्यानं, दिवा न लावता, डब्यातली शेव खाऊ लागले. आत्या दारात येऊन परत गेली. म्हणून सकाळी हे सीताफळ.

"आत्या, आधीच सांगते," मी म्हटलं, "मला बारीक करण्यासाठी तू मला डोळे मिटून बसायला सांगणार असशील, तर नको. डाएट झालं, जिम झाली, रात्रीचं जेवण सोडून झालं. आता ध्यान. या सगळ्यांच्या शेवटी तो वजनकाटाच उभा असतो."

"मी वजनाचं काही बोलले का?"

"बोलत कोणीच नाही. कमरेकडे बघतात."

आत्यानं सीताफळ हातात घेतलं. "अमेरिकेतल्या एका वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवतात. ती बघायची, वास घ्यायचा, मग हळूहळू चावायची. तू सांगितलं होतंस ना मला?"

मीच सांगितलं होतं. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा वर्ग सुरू केला. जुनाट दुखण्यांना कंटाळलेले, डॉक्टरांचे उपाय संपलेले रोगी त्यांच्याकडे यायचे. 8 आठवडे, आठवड्यातून एकदा दीड-दोन तासांहून मोठी बैठक आणि घरी रोजचा सराव. श्वासाकडे लक्ष, मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष. त्याला आज माइंडफुलनेस म्हणतात, मराठीत सजगता. त्यावरूनच पुढे नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांसाठी वेगळी उपचारपद्धती झाली, आणि जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी खाण्याच्या त्रासासाठी आणखी वेगळी केली.

"मनुका हवी कशाला?" आत्या म्हणाली. "सीताफळ तुला घाईनं खाताच येणार नाही. एक बी, एक घास. हे फळच तुला थांबवतं."

"आणि माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी ते यादीतून काढलं होतं. गोड म्हणून."

"किती वर्षं खाल्लं नाहीस?"

"चार."

ती काही बोलली नाही. फळाचे दोन भाग करून एक माझ्याकडे सरकवला.

आत्याचा मुख्य आधार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो तिनं मांडला तेव्हा मला पहिल्यांदा बोलण्यात गोडी वाटली. सांची भोपाळपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. दर हिवाळ्यात ती तिथे जाऊन येते. घरात धर्मानंद कोसंबींचं 'समाधिमार्ग' आहे, पानं पिवळी पडलेली. "संयुत्त निकायात कोसलच्या राजाची गोष्ट आहे," ती सांगू लागली. "प्रसेनजित. रोज एक दोण तांदळाचा भात खायचा. म्हणजे बादलीभर म्हण. जेवून बुद्धांकडे आला आणि धापा टाकत बसला. बुद्धांनी पाहिलं आणि एक गाथा म्हटली. अर्थ एवढाच, की जो माणूस सदा सजग असतो आणि जेवताना आपलं माप ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा एक तरुण उभा होता. राजानं त्याला सांगितलं, ही गाथा पाठ कर, मी जेवायला बसलो की म्हणत जा. रोजचे शंभर कहापण देईन. मग राजा हळूहळू एका नाळीभर भातावर आला."

"आणि बारीक झाला," मी म्हटलं.

"झाला."

"बघ. शेवट तिथेच."

"शेवट बघू नकोस गं, सुरुवात बघ. समोर लठ्ठ माणूस धापा टाकतोय. बुद्धांनी त्याला त्याच्या शरीराबद्दल एक अक्षर बोलून दाखवलं नाही. गाथेत पोट नाही, कंबर नाही. वेदना आहेत. आणि राजाच्या वाट्याला एकटेपण नाही. प्रत्येक जेवणाला एक माणूस शेजारी उभा."

हे मला मान्य करावं लागलं. पण मीही माझं म्हणणं सोडलं नाही. त्या राजाकडे राजवाडा होता. वेळेवर शिजवलेलं अन्न होतं, रोज शंभर नाणी देऊन आठवण करून द्यायला नोकर होता. माझी एक विद्यार्थिनी सकाळी साडेसहाची बस पकडते, दुपारी वडापाव खाते आणि रात्री घरचा स्वयंपाक करून उरलेलं खाते. तिनं आपलं माप कधी ओळखायचं? देशाच्या 2019–21 च्या कुटुंब-आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयातल्या 24 टक्के स्त्रियांचं वजन उंचीशी ताडणाऱ्या निर्देशांकानं जास्त ठरलं. दर चौघींत जवळपास एक. एवढ्या सगळ्या जणी एकाएकी बेसावध झाल्या का? या गोविंदपुऱ्यातच बघ ना, मी म्हटलं. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आजचं 'भेल', स्थापन झालं, 1960 मध्ये नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं लोकार्पण झालं, आणि तूच सांगतेस की शिफ्ट सुटली की सायकलींची रांग पिपलानीपर्यंत पोचायची. त्या सायकली गेल्या, स्कूटर आल्या, गाड्या आल्या. माणसांचं मन तेच होतं. रस्ता बदलला.

"खरंय," आत्या म्हणाली. "तुझे आतोबा निवृत्त होईपर्यंत सायकलनं गेले. पण शेवटची दहा वर्षं ते एकटेच. बाकीचे गाडीतून हात करायचे."

मग मी माझ्या विषयाकडे वळले, कारण तिथे माझे पाय जमिनीवर असतात.

"तुम्ही लोक सजगतेनं वजन उतरतं म्हणता, त्याचे आकडे ऐक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी 194 लठ्ठ माणसांचे दोन गट केले. दोन्ही गटांना साडेपाच महिने आहार-व्यायामाचा सारखाच कार्यक्रम दिला. एका गटाला त्यात सजगतेचं शिक्षण जोडलं. दीड वर्षानं मोजलं. सजगतेच्या गटाचं वजन सरासरी 1.7 किलोनं जास्त उतरलेलं होतं, आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. 2016 साली हे छापून आलं. पावणेदोन किलोसाठी तू मला साडेपाच महिने बसवणार?"

मला वाटलं होतं ती गप्प होईल. ती म्हणाली, "मग ते वजन उतरवायला वापरूच नये."

"काय?"

"अगं, ज्या कामाचं ते नाहीच, त्यात ते नापास झालं म्हणून काय बिघडलं? बाकी काय बदललं ते सांग."

बाकी बरंच बदलतं, आणि मी ते सांगितलं, कारण आकडे दोन्ही बाजूंचे सांगायचे असतात. 2014 साली अशा 14 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. वजनाच्या बाबतीत चित्र गोंधळाचं होतं. पण भावनेच्या भरात खाणं आणि एका बैठकीत ताबा सुटून खाणं, या दोन गोष्टी कमी होताना दिसल्या. ताबा सुटून खाण्याला 2013 पासून अमेरिकी मनोविकार-सूचीत स्वतंत्र आजाराचं स्थान आहे. म्हणजे तो आळस नाही, हावरटपणाही नाही. रात्रीची शेव माझ्या बाबतीत त्या टोकाला गेलेली नाही, पण त्या रस्त्यानं मी चाललेली आहे, हे मला ठाऊक आहे.

"रात्री काय झालं होतं?" आत्यानं विचारलं. आवाजात चौकशी नव्हती.

मी सांगायचा प्रयत्न केला. आधी त्या बाईंचं वाक्य. ते डोक्यात फिरत राहतं. मग छातीत काहीतरी घट्ट होतं, मग ते घशाशी येतं आणि तिथे ते भुकेसारखं लागतं. पोट भरलेलं असतं. वखवख सुटते ती घशापासून जिभेपर्यंत. खाताना पहिल्या दोन घासांची चव कळते, नंतर चव नसते, फक्त हात चालत असतो. डबा अर्धा झाला की लाज येते. ती लाज आली की पुन्हा तेच घट्ट होणं.

"तू आत्ता जे सांगितलंस," आत्या म्हणाली, "ते सांगायला मला बारा वर्षं लागली. वाक्य वेगळं, घट्ट होणं वेगळं, भूक वेगळी. तिन्ही एकाच वेळी आली की माणूस म्हणतो, मला भूक लागली. एकेक करून बघितली की मध्ये जागा दिसते. तेवढीच जागा. बसणं म्हणजे एवढंच गं."

"आणि त्या जागेत मी काय करू? शेव खाऊ नको?"

"खा. पण दिवा लावून खा. ताटलीत घेऊन, बसून खा."

मला अचानक रडू आलं. दिवा लावून खा, असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

आपल्याकडे जेवणाआधी थांबायच्या रीती होत्या. आतोबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. शाळेत आम्ही डबे उघडून, हात जोडून श्लोक म्हणायचो आणि मगच पहिला घास. त्यात धर्म किती आणि आरोग्य किती, यावर वाद घालता येईल. पण अन्न समोर आलं आणि हात गेला, यांच्यामध्ये एक श्वासाचं अंतर त्यात होतं. त्याच घरांनी दुसरी एक रीतही सांभाळली: पंगतीतला आग्रह. नको म्हणणाऱ्याच्या ताटात जिलबी पडते, हात आडवा धरला तरी पडते, आणि हात धुताना तीच वाढणारी मावशी म्हणते, "जरा वाढलीस हं." पोट भरलं की नाही हे ज्याचं त्याला ठरवू न देणारी ही माया आहे. मला वाटतं, माझं माप मी ओळखत नाही याचं एक मूळ तिथे आहे.

पण माझा खरा आक्षेप अजून बाकी होता. तो मी बोलून टाकला.

"आत्या, मला त्रास माझ्या शरीराचा होत नाही. बघणाऱ्यांचा होतो. मग उपचार माझ्यावर का? तीन वर्षांपूर्वी पोटात दुखायचं म्हणून एका दवाखान्यात गेले. नर्सनं माझं वजन सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं पुकारलं. डॉक्टरांनी पोटाला हात न लावता सांगितलं, आधी 15 किलो कमी करा. आठ महिन्यांनी दुसरीकडे सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे. त्या आठ महिन्यांत मी सजगतेनं श्वास बघत बसायला हवं होतं का?"

"नाही. भांडायला हवं होतं."

"भांडायला अंगात बळ लागतं. लाजेनं ते आधीच काढून घेतलेलं असतं."

अमेरिकेत 6 हजारांहून अधिक लोकांची 4 वर्षांच्या अंतरानं पाहणी झाली, तिचा निष्कर्ष 2013 साली आला. आधी लठ्ठ नसलेल्या ज्या लोकांना वजनावरून अवहेलना सोसावी लागली होती, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे अडीच पट होती. लाजवलं की माणूस सुधारतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि उपासमारीनं सुधारतो असं वाटणाऱ्यांनी अॅन्सेल कीज यांचा प्रयोग. 1944–45 मध्ये मिनेसोटात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. शहाणे, सुशिक्षित तरुण. ते दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटल्या चाटू लागले. बंधन सुटल्यावर त्यांच्यातले काही जण पोट फुटेपर्यंत खाऊनही उपाशी राहायचे. त्यांची इच्छाशक्ती कमी नव्हती. शरीर आपलं काम करत होतं. याच कीजनी 1972 मध्ये बॉडी मास इंडेक्स हे नाव रूढ केलं. सूत्र त्यांचं नव्हे. ते 1830 च्या दशकात बेल्जियमच्या केतले या खगोल आणि सांख्यिकीच्या अभ्यासकानं लोकसमूहांच्या सरासरीसाठी शोधलं होतं, एकट्या माणसाच्या कपाळावर चिकटवण्यासाठी नव्हे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर स्वतःचाच दाखला दिला. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी यूडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा निर्देशांक 22.3. चरबीचं प्रमाण मात्र यूडकिन यांचं 9.1 टक्के आणि याज्ञिकांचं 21.2. बारीक दिसणारा माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे एका मराठी डॉक्टरांनी जगाला आपलंच शरीर पुढे करून दाखवलं. बागेतल्या बायकांना मात्र डोळ्यांनीच सगळं कळतं.

वजन हा प्रश्नच नाही, असं मी म्हणत नाही. मधुमेह आमच्या घरात आहे, माझे गुडघे दुखतात. यंदा डॉक्टरांनी मला आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल सांगितलं. टिर्झेपटाइड, मार्च 2025 पासून भारतात मिळतं. आत्याला ते पटत नाही. "सुई टोचून मन शांत होतं का?" तिनं विचारलं. मी तिला माझ्या सहकारी बाईंचं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, औषध सुरू केल्यावर डोक्यातली खाण्याची बडबड थांबली, आणि तेव्हा कळलं की इतर लोक आयुष्यभर अशाच शांततेत राहत होते. "आत्या, भूक हे रसायन आहे. ज्याच्या डोक्यात ती दिवसभर ओरडते, त्याला नुसतं बघ म्हणणं हे बहिरं करणाऱ्या भोंग्याखाली बसून ध्यान कर म्हणण्यासारखं आहे."

आत्या बराच वेळ बिया गोळा करत राहिली. मग म्हणाली, "घे मग. मला ते ठाऊक नव्हतं."

तिचं हे मला फार आवडतं. हरल्यासारखा चेहरा न करता ती म्हणणं बदलते.

"एकच सांगते," ती म्हणाली, "आणि हे वजनाचं नाही. तुझ्या इंजेक्शनानंही हे होणार नाही. तू आरशात बघतेस तेव्हा काय दिसतं?"

"दंड. हनुवटी. पोट."

"आता डोळे मीट. उजवा हात कुठे आहे?"

मी मिटले. हात मांडीवर होता. कोमट. बोटांना सीताफळाचा चिकटपणा. मनगटाशी बारीक ठोके.

"जाड आहे का तो?"

मी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. खरंच कळत नव्हतं. ऊब होती, भार होता, मुंग्या होत्या. जाडी नव्हती. आतून शरीराला आकारच नसतो. आकार बाहेरून दिसतो, दुसऱ्याच्या डोळ्यांनी किंवा आरशानं. माझं अख्खं आयुष्य मी स्वतःला बागेतल्या त्या बाईंच्या जागी उभी राहून पाहत आले होते. त्या घरी गेल्या तरी मी तिथेच उभी. माझ्या मते या उपचाराचं मर्म हेच असावं, आणि वजन कमी करण्याच्या जाहिरातीत ते नेमकं हरवतं.

पण मी आत्याला हेही सांगितलं की हे प्रत्येकीला पहिल्या दिवशी झेपणार नाही. जिला आपल्या पोटाचा तिरस्कार वाटतो, तिला पोटाकडे लक्ष ने म्हटलं तर तिथे आधी तिरस्कारच भेटतो. जिच्या शरीरावर कोणी हात टाकलेला आहे, तिला त्याहून वाईट काही भेटेल. म्हणून शेजारी जाणता माणूस हवा. विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन ही निराळी गोष्ट आहे. सत्यनारायण गोएंकांनी 1969 मध्ये ब्रह्मदेशातून ती साधना परत भारतात आणली, 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं, आमच्या नाशिकपासून अगदी जवळ. लाखो लोकांना त्याचा उपयोग झाला. पण तिथे संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा आणि फळ, त्यापुढे अन्न नाही. वर्षानुवर्षं उपाशी राहणं आणि मग ताबा सुटणं या चक्रात अडकलेल्या मुलीला ती शिस्त तेच चक्र वाटू शकते. केंद्रही अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतं. ते खरं लिहावं आणि आधी डॉक्टरांशी बोलावं. साधना आणि उपचार ही भावंडं आहेत, एक नव्हेत. उपचारात जेवणाबद्दल बोलता येतं, मौन पाळावं लागत नाही. एवढंही नको वाटलं तर निदान 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, 2022 पासून. तिथे पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येतं. आत्यानं तो लगेच कालनिर्णयच्या पानावर लिहिला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

"तू मला एक विचारलं नाहीस," आत्या म्हणाली. "मी बारा वर्षं बसून काय मिळवलं."

"सांग."

"तुला सोळाव्या वर्षी कावीळ झाली होती. आठवतं?"

आठवतं. 11 किलो वजन गेलं होतं. जिना चढताना डोळ्यांसमोर अंधारी यायची. त्या दिवाळीत आम्ही भोपाळला आलो होतो, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये.

"तू दारातून आत आलीस आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'अगंबाई, काय छान बारीक झालीस! आता अशीच राहा.' तुझ्या डोळ्यांत अजून पिवळेपणा होता." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "माझ्या पहिल्या शिबिरात, सहाव्या दिवशी, दुपारी बसले असताना ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं. तुझे डोळेही दिसले. तुझ्या आजाराला मी छान म्हणाले होते. तिथे मौन असतं, कोणाला सांगता येईना. दहाव्या दिवशी मौन सुटलं. फोन परत मिळाल्यावर पहिला तुला लावला आणि नाशिकच्या पावसाचं विचारलं. त्याच्यापुढे जीभ गेली नाही. त्याला बारा वर्षं झाली."

त्या दिवाळीनंतर दोन वर्षं मी एक वेळ जेवले होते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. आत्यानं पदरानं डोळे पुसले, मग माझे. तिच्या बोटांनाही सीताफळाचा चिकटपणा होता.

"सजग व्हायला हवं होतं ते मी," ती म्हणाली. "खाणाऱ्यानं घासाकडे बघावं हे ठीक. पण बोलणाऱ्यानं जिभेकडे कधी बघायचं?"

"काल बागेत तू गप्प का राहिलीस?"

"काय बोलावं ते सुचलं नाही. रात्रभर शोधत होते." ती थोडी थांबली. "आज संध्याकाळी जाऊ या. मी तिला सांगणार आहे, की तिची काळजी मला कळते, पण माझ्या भाचीशी तिनं सांख्यिकीवर बोलावं, नाहीतर भोपाळच्या तलावावर बोलावं. शरीरावर नको."

"आणि केरवाला? मी यावं असं वाटतं अजून?"

"तुला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर नको."

मी नाशिकला गेल्यावर आठ आठवड्यांचा एखादा वर्ग शोधणार आहे, असं सांगितलं. अट एकच: पहिल्या दिवशी वजन करत असतील तर मी उठून येईन. इंजेक्शनाचं डॉक्टरांशी वेगळं बोलणार आहे. दोन्हींची सरमिसळ मला नको आहे. गुडघ्यांचा उपाय गुडघ्यांसाठी, आणि अंधारात उभं राहून खाण्याचा उपाय त्यासाठी.

ताटलीत माझ्या वाट्याच्या बिया काळ्या, चकचकीत पडल्या होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. टोपलीत अजून तीन फळं होती, त्यांतलं एक पूर्ण पिकून उलायला आलं होतं. जन्मभर आग्रह करून वाढलेल्या आत्यानं ते उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि मला विचारलं, "भूक आहे का गं अजून?"

मी जरा वेळ घेतला.

"अर्धी," मी म्हटलं.

तिनं अर्धं माझ्या ताटलीत ठेवलं आणि उरलेलं वाटीखाली झाकून ठेवलं.